तांबड्या शाईची रेघ

"'संबंध नाही' म्हनू नोका भाऊ, 'दिसला नाही' म्हना." पेन्सिल कानामागे खोचत, कागदावरून मान वर न करता बाबूजी हे म्हणायचे.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. बाबूजी आकडेवारी पाहायचे. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासायला ते चार खणांची चौकट आखत. संबंध नसता तर प्रत्येक खणात किती माणसं पडली असती, ते गुणाकार-भागाकार करून काढत. खरा आकडा त्याहून फार लांब असला तर संबंध दिसला. थोडा इकडेतिकडे असला तर तो योगायोगही असेल. मला हे त्यांनीच शिकवलं.

एकदा चपराशाने जाहीर केलं, मांजर आडवी गेली की साहेब भडकतात. बाबूजींनी पावसाळाभर चौकट भरली. मांजर आडवी गेली, नाही गेली. साहेब भडकले, नाही भडकले. मग निकाल दिला, "मांजरीले सोडा. साहेब तसेबी भडकतेतच." आम्ही पोट धरून हसलो. ते तेवढे हसले नाहीत.

ते आमच्याच गल्लीत एकटे राहायचे. गल्लीच्या तोंडाशी नळ होता, पण हा माणूस रोज सकाळी बादली घेऊन पार वैनगंगेच्या वाटेवरच्या विहिरीवर जायचा. "काहून जी इतक्या लांब?" बायका विचारायच्या. "तेवढंच चालनं होते," एवढंच उत्तर. आम्ही त्यांना चक्रम ठरवून मोकळे झालो होतो.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. कप एकच होता, तो मला दिला. स्वतः वाटीतून चहा प्याले. मग एक जुना कागद पुढे सरकवला. उकव्याच्या खाणवस्तीत नोकरीला असताना घरोघर फिरून भरलेला. नाल्याचं पाणी, विहिरीचं पाणी. ताप आला, नाही आला. माणसागणिक एक रेघ. 'नाल्याचं पाणी, ताप आला' या खणात एक रेघ तांबड्या शाईची होती.

"हे माह्या घरवालीची," ते म्हणाले. "विहीर दूर होती. मीच म्हनलो, काहून इतक्या लांब जाऊन राह्यली, नाल्याचंच आन. त्याच तापात गेली. इतके वर्षं झाले, मले हा हिशेब करवत नाही. तुमी करा."

मी केला. पुन्हा एकदा केला. विहिरीचं पाणी पिणारेही जवळजवळ तितकेच तापले होते. मी आनंदाने ओरडलोच, "बाबूजी, संबंध नाही! तुमचा काही दोष नाही!"

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"दिसला नाही, भाऊ," ते म्हणाले. "दिसला नाही."

 मला फार वाईट वाटलं. 'नाहीच' असं थोडं खोटं बोलायला हवं होतं, पण ते त्यांच्यासमोर जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दारात उभा राहिलो. नळाला पाणी होतं, रांगही नव्हती. बाबूजी बादली घेऊन आले, नळाशेजारून गेले आणि विहिरीच्या वाटेला लागले.

चारेक वर्षांनी ते वारले. जवळचं कुणीच नव्हतं, आम्हा गल्लीतल्यांनीच सगळं केलं. शेवटच्या आंघोळीला पाणी हवं होतं. शेजारचा एक जण त्यांची बादली उचलून नळाकडे निघाला.

मी त्याच्या हातून ती घेतली आणि विहिरीवर गेलो.