उजाळा दिलेली नाणी

वसुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कोणीतरी नळ सोडला होता, बादली भरत असल्याचा आवाज येत होता. मी "आलो" म्हटलं, पण लगेच उठवेना. यशवंत साळवी, माझा पन्नास वर्षांपासूनचा मित्र, गेला होता. दुःख नंतर झालं. अगदी पहिल्या क्षणी जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, तरी लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. आता हा मला काही विचारणार नाही, असं वाटलं...

या गोष्टीला सहा आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी निरोप पाठवला, मित्राच्या आठवणींना उजाळा द्या. त्यांनी तो शब्द सहज वापरला असणार. मी सोनार आहे. आमच्या दुकानात उजाळा म्हणजे दागिना घासून, धुऊन चकचकीत करणं. वडिलांची शिस्त होती, गिऱ्हाइकाची वस्तू दुरुस्तीला आली की उजळल्याशिवाय परत करायची नाही. साधी नथीची तार वळवून दिली तरी नथ रिठ्याच्या पाण्यातून काढूनच द्यायची. या सवयीने मी यशवंतचं काय केलं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

यशवंत बोटीवर फिटर होता. बोटीवरची इतर माणसं घरी परफ्यूम आणि रेडिओ आणायची, हा मात्र परदेशातली नाणी गोळा करून आणायचा. नोकरी संपल्यावर परदेशी नाणी सुटली आणि जुन्या नाण्यांचा नाद लागला. जुन्नर, कराड, पैठण अशा गावांत तांबटांच्या दुकानी जाऊन हा मोडीच्या ढिगाशेजारी बसायचा आणि वितळवायला काढलेल्या तांब्यातून नाणी निवडायचा. सातवाहनांची नाणी त्याला विशेष प्रिय. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं चिन्ह. दोन हजार वर्षं मातीत राहून त्यांच्यावर हिरवट कवच चढलेलं असे. प्रत्येक नाणं कागदाच्या पाकिटात, पाकिटावर ते कुठे मिळालं त्याची नोंद. ती आणून माझ्या गादीवर ओतायचा आणि म्हणायचा, "पोतदार, बघ रे." माझं आडनाव पोतदार नाही. पूर्वी सरकारी खजिन्यात नाणं पारखणाऱ्याला पोतदार म्हणत, म्हणून त्याने मला ते नाव ठेवलं. मला सोनं कळतं, जुनं तांबं कळत नाही, हे मी त्याला कधी स्पष्ट सांगितलं नाही. पदवी आवडली होती.

पुढे त्याला काचबिंदू झाला. नजर कडेने जात चालली, रंगही कळेनासे झाले. तेव्हा त्याने संग्रह मुंबईच्या लिलावात द्यायचं ठरवलं. पैशासाठी नव्हे. "मला दिसेनाशी झाली की इथे पेटीत पडून राहतील. ज्याला दिसतंय त्याच्याकडे जाऊ देत," म्हणाला. आणि लिलावाच्या छापील यादीवर 'यशवंत साळवी संग्रह, रत्नागिरी' असं येणार होतं. त्या एका ओळीचं त्याला फार अप्रूप होतं, चार वेळा त्याने मला ती म्हणून दाखवली. लिलाववाल्यांचा माणूस घरी येऊन चाळीस नाण्यांचे फोटो काढून गेला. वजनं तेवढी अचूक हवी होती. ती करायला यशवंतने नाणी माझ्या दुकानी आणून दिली. म्हणाला, "वजन कर. बाकी काही नको."

मी वजनं केली आणि लिलाववाल्यांना फोनवर कळवली. मग पेटी बंद करायला गेलो तर ती हिरवी-काळी नाणी बघून वाटलं, मुंबईच्या मोठ्या हॉलमध्ये मित्राची वस्तू अशी कळकट जायची? मी आमसुलं भिजत घातली, त्या पाण्यात नाणी सोडली, रिठा लावून पितळी तारांच्या ब्रशने घासली. दोन दिवस खपून चौतीस नाणी गुलाबी लखलखीत केली. उरलेली सहा वेळेअभावी राहून गेली. यशवंत पेटी न्यायला आला. नाणं बोटांनी चाचपत म्हणाला, "गुळगुळीत लागतात रे." मी म्हटलं, "धूळ पुसली." त्याला रंग दिसत नव्हता. पुढे मुंबईत बघून चकित होतील आणि मग याला सांगू, असा माझा बेत होता.

लिलावाच्या सकाळी नाणी आम्हीच घेऊन गेलो. खरेदीदारांना बघायला ती मखमली ताटात मांडली. माणसं भिंग लावून बघायची, यादीतला फोटो बघायची आणि नाणं खाली ठेवायची. एकाने खिशातला छोटा वजनकाटा काढला. वजन यादीपेक्षा कमी भरलं. तो शेजाऱ्याला म्हणाला, "फोटोतलं नाणं हे नव्हेच. बदललंय." मी मागेच उभा होतो. तिथल्या एका वयस्कर व्यापाऱ्याला मी तिऱ्हाइतासारखं विचारलं. तो म्हणाला, "काका, लिलावात नाणी पडून राहायला कारणं पुष्कळ. भाव चढा लावलेला असतो, नाणं झिजलेलं असतं, कधी तसलीच शंभर बाजारात असतात. पण ती निदान पुढच्या खेपेला खपतात. असं घासलेलं आणि फोटोशी न जुळणारं नाणं एकाने खाली ठेवलं ना, की दुसरा उचलत नाही. आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो."

मग नंबर पुकारले जाऊ लागले. पुकारणारा किंमत सांगायचा, हॉलमध्ये कोणाचा हात वर व्हायचा नाही, तो "पास" म्हणून पुढच्या नंबरावर जायचा. पास... पास... यशवंत पहिल्या रांगेत मान कलती करून ऐकत होता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे पोतदार, कोणी बोलत का नाही?" तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. मी म्हटलं, "भाव जास्त लावलास तू." चाळीसपैकी सहा नाणी गेली. कुठली सहा, ते मला सांगायला लागलं नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. साळवी खोटी नाणी विकायला गेला आणि सापडला, अशी. आमचा वाचनालयात रोजचा कट्टा होता. तिथे कचेरीतून निवृत्त झालेले आप्पा म्हणाले, "काय हो साळवी, टांकसाळ काढलीत म्हणे. आमची पेन्शन पण पाडून द्या की थोडी." सगळे हसले. यशवंतही आधी हसला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "तू सांग यांना. तू हाताळलीस सगळी. खरी आहेत ना?"

मी म्हटलं, "असतील."

त्या वर्षी माझा मुलगा दुकानात बसू लागला होता. वस्तू बिघडवणारा सोनार, असं नाव झालं तर त्याच्याकडे कोण येणार, हा हिशेब मी तेवढ्या वेळात केला. यशवंत वाचनालयात त्यानंतर आला नाही. मी त्याच्या घरी जात राहिलो. आम्ही मासळी, लाईट, कोणाच्या मुलाचं लग्न असं बोलायचो. नाण्यांचं त्याने काढलं नाही, मीही नाही. आठ वर्षं अशी गेली. शेवटी त्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा.

तो गेल्यावर वाचनालयात शोकसभा झाली. तिथे मी उठून सांगितलं, नाणी खरी होती, ती मी आमसुलात घालून घासली. मग आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "मित्र असावा तर असा. गेलेल्याचा दोष स्वतःवर घेतलात." दोघातिघांनी मान डोलावली. मी पुन्हा सांगू लागलो तर मला पाणी दिलं आणि बसवलं. म्हणून हे छापून यायला हवं. यशवंत साळवीने आयुष्यात एकही खोटं नाणं विकायला नेलं नाही.

वहिनींना सांगायला मला आणखी दहा दिवस लागले. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "मुंबईहून आल्यावर हे मला विचारायचे, वसू, रंग सांग. मी सांगायचे, लाल आहेत, नव्या तांब्यासारखी. रोज विचारायचे. मी रोज तेच सांगायचे... मला काय ठाऊक. एक दिवस म्हणाले, म्हणजे लोक म्हणतात ते बरोबर आहे. इतकी वर्षं तांबटांनी वर हिरवा रंग चढवून मला फसवलं. मग पेटी बंद केली ती पुन्हा उघडली नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "होतील का परत पहिल्यासारखी?" मी म्हटलं, "आपल्या खाऱ्या हवेत काळी पडतील. ते हिरवं कवच मातीतलं असतं, ते आता नाही."

परवा गेलो तर यशवंतच्या खोलीत खिडकीखाली ताट ठेवलं होतं. चौतीस नाणी उघड्यावर मांडलेली, समुद्राकडचं दार सताड उघडं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी खिशातलं भिंग काढून एक नाणं उचललं. हत्तीचं धड होतं, पाय होते. सोंडेच्या जागी ब्रशच्या बारीक रेघा होत्या.

"काही फरक, भावोजी?" वहिनींनी आतून विचारलं.

मी नाही म्हटलं.