सुपात घेतलेली लेक

ये गं, अशी जवळ ये. तिकडं कोपऱ्यात मान मोडून काय वाचत बसलीस? दोनदा हाक मारली, चहावर साय धरली, तरी हूं नाही की चूं नाही. आणि वाचतीस तरी काय, तर म्हणे परक्या घरात लेकरू सांभाळायला गेलेली बाई, तिथली कुलूपबंद खोली, आणि भिंतीतनं येणारा आवाज. असलं वाचायचं आणि मग मोरीपर्यंत जायला आजीला सोबत मागायची! ठेव ते पालथं. असल्या घरात तुझी आजी पाच महिने कामाला होती. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला बसले की डोळ्यांना पदर लागतो आणि गोष्ट मध्येच राहते. म्हणून ह्या वहीत लिहिते. तू वाच, मी तोवर भाकरी टाकते.

तुझे आजोबा गेले, मेंढरं विकली, आणि माढ्याकडचं गाव सोडून मी तुझ्या आईकडं सोलापुरात आले. रिकामं बसायची सवय नाही. शेजारणीनं काम आणलं. जुळे सोलापुरात एक फ्लॅट, बाई ऑफिसात, नवरा बाहेरगावी नोकरीला, शनिवारी यायचा. सहा महिन्यांची पोर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बघायची.

पोरगी म्हणजे लोण्याचा गोळा. मला बघून पहिल्याच दिवशी हसली. मी विचारलं, "नाव काय हिचं?"

मॅडम चपला घालत म्हणाल्या, "ठेवायचंय अजून."

सहा महिने झाले आणि बारसं नाही! आमच्यात बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात, कानात कुर्र करतात. मग मॅडमनी नियम सांगितले. अंगाई म्हणायची नाही. झोळी बांधायची नाही, पाळणा तर घरात नव्हताच. काजळ नाही, तीट नाही. झोपली की दर थोड्या वेळानं छातीवर हात ठेवून बघायचं. आणि मागची खोली उघडायची नाही. तिला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते, पोर चटईवर खेळत होती. आणि भिंत बोलली की गं! "मावशी, तिच्या तोंडावरचं फडकं काढा."

माझे हात कणकीसकट जोडले गेले. म्हटलं, कुठली देवी आली म्हणायची ही.

"मावशी, मी बोलतेय, ऑफिसातून. टीव्हीच्या वर कॅमेरा आहे तो."

"मग आदी सांगायचं की वो! माझा जीव गेला असता तर पोरीकडं कोण बघणार व्हतं?"

तिकडून कुणी हसलं नाही. नुसती खरखर आली आणि बंद झाली.

पण खरं भ्यायला झालं ते मॅडमना बघून. संध्याकाळी यायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या, बाटली द्यायच्या, दुपटं बदलायच्या. करायच्या सगळं. पण लेकराला छातीशी धरायच्या नाहीत. काम झालं की लगेच खाली ठेवायच्या आणि समोरच्या सोफ्यावर बसून बघत राहायच्या. पोर हात पसरायची, त्या जागच्या हलायच्या नाहीत. मेंढी कधी कधी कोकराला जवळ येऊ देत नाही, तसं वाटायचं. पण मेंढी लाथ मारते. ह्या बाईच्या डोळ्यांत पाणी असायचं.

मग मीच धरायची. माझ्या मानेत तोंड खुपसल्याशिवाय झोपायची नाही ती. अंगाई म्हणायची नाही, म्हणून मी तिच्या कानाशी मेंढरं हाकायचा आवाज काढायची, हुर्र हुर्र, हळू. ते नियमात नव्हतं. घरी आले तरी लुगड्याला तिच्या तोंडाचा वास असायचा. तुझी आई म्हणायची, "आई, परक्याच्या लेकरात एवढा जीव घालू नको." ती शहाणी.

असे जवळजवळ पाच महिने गेले. एका दुपारी ती मागची खोली उघडी दिसली. कुलूप नुसतंच लटकत होतं, मॅडम घाईत विसरल्या असणार. पोर झोपलेली. पाय माझे ऐकेनात, गेले आत. पडदे ओढलेले. लाकडी पाळणा, उलटा करून ठेवलेला. पलंगावर घडी केलेली कुंची, तिला मोत्यांची झालर. आणि भिंतीवर फोटो. म्हटलं, अरे, ही तर आपलीच! तेच गाल, तेच कपाळ. जवळ जाऊन बघितलं तर डाव्या भुवईशी तीळ. आपल्या पोरीला तीळ नव्हता.

"मावशी. त्या खोलीतून बाहेर या."

बाहेरच्या कॅमेऱ्यातनं आवाज आला. रागाचा नव्हता. थकलेला होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरची म्हातारी भेटली. अक्कलकोटकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. मी फोटोचं विचारलं. "अय्यो, तुला कुणी सांगितलं न्हाई का?" म्हणाली. "पहिली मुलगी गं ती. अकरा महिन्यांची झाली होती. दुपारी सांभाळणाऱ्या बाईनं अंगाई म्हणून पाळण्यात झोपवली. ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणाले, कुणाची चूक न्हाई. पण आईचं मन ऐकतं का?"

मी तिथंच पायरीवर बसले. पाळणा, अंगाई, कॅमेरा, बिननावाची पोर, सगळं एका दमात कळलं. त्या घरात भूत नव्हतं. एक आई होती, जी पुन्हा जीव लावायला भीत होती. आणि आपली पोर आठ दिवसांनी अकरा महिन्यांची होणार होती.

आता माझं वेड ऐक. आमच्यात ज्या घरात मूल जगत नाही, तिथं पुढचं मूल विकतात. विकतात म्हणजे, आई ते लेकरू सुपात घालते, उंबऱ्याबाहेर दुसरीच्या हातात देते. ती बाई मूठभर जोंधळे देते आणि म्हणते, हे आता माझं, तुमचा हक्क नाही. काळाला वाटतं, ह्या घरात आता लेकरूच नाही, आणि तो पुढं जातो. जावळ काढायच्या आधी आई तेवढेच जोंधळे घेऊन जाते आणि लेकरू सोडवून आणते. मी स्वतः असं विकलेलं मूल आहे. माझ्या आधीची दोन गेली. शेजारच्या काकूनं मला घेतलं, मी वाचले. खरं की खोटं, मला काय ठाऊक? पण मी आहे ना इथं, तुझ्यासाठी भाकरी थापत.

मॅडमना सांगायला पाहिजे होतं. माझं धाडस झालं नाही. शिकलेली बाई, हसेल नाही तर चिडेल, असं वाटलं. आणि तिच्या दुःखात हात घालायचा तरी कसा? म्हटलं, गुपचूप करू.

घरून पिशवीतनं सूप नेलं. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मूठभर जोंधळे ठेवले. पोरीला सुपात घातलं, ती खिदळायला लागली, तिला वाटलं खेळ आहे. दार उघडून उंबरा ओलांडला, जिन्यापाशी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, कारण काळाला ऐकू जायला पाहिजे, "आता तू ह्या घरची न्हाईस. ह्यांचा तुज्यावर हक्क न्हाई. तू माझी हायस. मी तुला घेऊन चालले."

टॉवेलानं कॅमेऱ्याचा डोळा झाकतो गं, कान नाही झाकत.

पोरगी सुपात इतकी रमली होती की मीही तिथंच पायरीवर सूप मांडीवर घेऊन डोलवत बसले. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. मॅडम जिना चढून आल्या त्या अनवाणी. एक चप्पल रिक्षात राहिली असेल, दुसरी जिन्यात. त्यांनी सुपातनं पोर ओढून घेतली आणि अशी छातीशी दाबली, अशी दाबली की पोर गुदमरून रडायला लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना तिला छातीशी धरताना बघितलं.

"कुठं नेत होता तिला? कुठं नेत होता?"

"कुटं न्हाई वो. तिच्यासाठीच..."

त्या आत गेल्या. ओट्यावरचे जोंधळे दिसले. "हे काय आहे? करणी करत होता माझ्या लेकरावर?"

माझ्या लेकरावर. तेही पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हटलं, "मॅडम, ऐका तर खरं. आमच्यात..." पोर त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं हात पसरत होती, हुर्र हुर्र करत होती. माझंच शिकवलेलं.

"मावशी, तुम्ही जा. आत्ता जा. नाहीतर मी पोलिसांना बोलावीन."

मी गेले. सूप तेवढं उचललं.

त्यांची चूक नव्हती. तू उगाच त्यांच्यावर रागावू नको. आईच्या हातनं न घेता घेतलेलं लेकरू म्हणजे चोरीच की. रीत मोडली मी. काकूनं मला घेतलं तेव्हा माझ्या आईनं तिच्या हातात दिलं होतं, रडत दिलं होतं, पण दिलं होतं. मी तेवढं एक गाळलं, आणि तेच सगळं होतं.

पोर अकरा महिन्यांची झाली त्या दिवशी मी जाऊन फाटकाबाहेर उभी राहिले. वर बाल्कनीत दुपटी वाळत होती. जीव भांड्यात पडला. मग महिनाभर रोज तेवढंच बघायला जायची. एक दिवस दुपटी नव्हती. म्हातारी म्हणाली, बदली झाली, गेले. कुठं ते तिला माहीत नव्हतं. "पण आता कडेवरनं खाली ठेवत न्हाई बाई लेकराला," म्हणाली.

मी बरं म्हटलं. घरी येऊन न्हाणीत बसून रडले.

आता ती चार वर्षांची असेल. तिचं नावही मला माहीत नाही, हाक तरी कुठली मारू? दुकानात एवढी एवढी पोर दिसली की भुवईकडं बघते, तीळ नाही ना. मग हसते स्वतःलाच, आणि हसता हसता तोंड पदरात घालते.

इथवर वाचून तू म्हणालीस, आजी, हे छापायला देऊ. दे. कोण जाणे, त्यांच्या हातात पडेल. मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर, मी तुमची मावशी. त्या दिवशी सांगायचं राहिलं ते वर सांगितलं. आमच्या रीतीनं तुमची लेक अजून माझ्याकडंच आहे, तुम्ही सोडवून नेली नाही. जावळ कधीच झालं असेल, असू दे, मी उशीर मोजणार नाही. मूठभर जोंधळे आणा, नसले तर माझ्याच डब्यातले घ्या, आणि म्हणा, माझं लेकरू दे. मी देईन. हाताला धरून तुमच्या ओटीत देईन. नुसतं एकदा तिला डोळे भरून बघेन, बास. या हो. तिला घेऊन या. लवकर या.