मेश्राम बाईंचा आठ किलो कापूस

आमच्या तिगावात कापूस वेचण्यात माया हात धरणारा गडी नव्हता. मायी दहा वर्सांची पोट्टी, सुनीता, माया दुप्पट वेचे, म्हणून त तिले मी शाळेत जाऊ देत नव्हतो.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. मेश्राम बाई पांढुर्ण्याहून सकाळच्या पॅसेंजरनं शाळेत येत. एखादं पोट्टं तीन दिवस दिसलं नाही की शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन सरळ वावरात. रागवत नसत. म्हणत, "शाळा फुकट आहे जी, पण लेकरू फुकट नाही, हे मले समजते." बाकीचे मास्तर आम्हाले अडाणी म्हणून मोकळे होत. बाई आधी विचारत, लेकरू दिवसाचं काय आणते.

मले विचारलं तवा मी छाती फुगवून सांगितलं, सोळा किलो वेचते. तिची मजुरी बुडाली त भाकरी अर्ध्यावर येते. हे मातर खोटं नव्हतं.

बाई म्हणल्या, रविवारी मी येते.

खरंच आल्या. कंबरेले फडकं बांधलं अन् सुनीताच्या बाजूची ओळ धरली. बोंडाचे टोकं बाईच्या बोटात घुसून राहिले होते, कापसात पालाच जास्त. साऱ्या बाया हसून राहिल्या. सगळ्यात जोरात मी, वावराच्या धुऱ्यावर बसून बिडी ओढत, गमती सांगत.

संध्याकाळी मालकानं काट्यावर गाठोडे चढवले. सुनीता सोळा. मी आठ. बाईही आठ.

बाईनं माया हाताकडे पाह्यलं. "शामराव, मी आज पहिल्यांदा कापसाले हात लावला. तुम्ही कधीपासून वेचून राहिले?"

"लहानपणापासून, बाई."

"मंग तुमच्या गमतीची मजुरी ही पोरगी भरून राहिली."

मी हातातली बिडी खाली ठेवली.

सोमवारी सुनीता शाळेत गेली. बाईनं सांगितलं, "तुम्ही एकट्यानं दोघांचे चोवीस किलो वेचेपर्यंत मी दर रविवारी येईन, माया कापूस तुमच्या गाठोड्यात." महिना लागला. संध्याकाळी मी जामसांवलीच्या झोपलेल्या मारुतीसारखा आडवा पडे. फरक एवढाच, माया पाया कोणी पडत नव्हतं. ज्या दिवशी काटा चोवीसवर गेला, त्या दिवशी बाईनं फडकं झटकून घडी केलं अन् सुनीताले देऊन टाकलं.

आजही बाईचं नाव निघालं की माये हात आपोआप जोडल्या जाते.

सुनीता सौसरले राहून दहावी पास झाली. बाईची बदली तवा मोहगावले झाली होती. मी पेढे घेऊन गेलो, नवं धोतर नेसून. म्हटलं, बाई, मी अंगठा लावणारा माणूस, पण पोरगी शिकवली की नाही?

बाईनं पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

"शिकली ती, शामराव. तुम्ही फक्त बिडी खाली ठेवली."