मोटारीवरचा भोंगा

मी चौथी शिकलेली बाई. भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं काही मी आजवर मानलं नाही. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं रानोमाळ फिरले, स्मशानाच्या कडेला मेंढरं बसवून तिथंच झोपले. लांडगा दिसला. भूत एकदाही दिसलं नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी म्हणू नये.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, इनामगावच्या जवळ, घोड नदीच्या काठाला. घरात मी, मुलगा दत्ता आणि सून सुनंदा. दत्ता सणसवाडीला एका कंपनीत फिटर आहे. तिथल्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा यानं तीन उचलून आणले. मी म्हटलं, घरात भंगार कमी आहे का. पण त्यानं एकेक कामाला लावला. एकाचं आतलं सगळं काढून रिकाम्या डब्यात भुसा टाकला. कोंबडी अजून त्यात अंडी घालते. दुसऱ्यावर शेळ्यांच्या गोठ्यातला कॅमेरा दिसतो, मी चुलीपुढं बसून बघते. तिसरा नेला नदीवर, पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून मोटारीच्या स्टार्टरला ऑटो असतो — खटका ऑटोवर ठेवला की लाईट येताच मोटार आपोआप सुरू. धोका एवढाच, की त्या वेळी कुणी पाण्यात असलं तर... आणि असतंच. नदीत जलपर्णी माजलेली, पाइपाच्या तोंडाची जाळी सारखी तुंबते, कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती हातानं साफ करावी लागते. म्हणून दत्तानं ऑटो बंद करून ते काम कॉम्प्युटरला दिलं. तो बॅटरीवर चालायचा. लाईट आली की आधी खांबावरच्या भोंग्यातून हाक द्यायचा, दोन मिनिटं थांबायचा, मगच मोटार सुरू करायचा.

हाक माझी. मेंढरांमुळं माझा गळा मोठा. मी ओरडले की नदीपलीकडचं मेंढरू माघारी फिरायचं. दत्तानं मोबाइलमध्ये भरून घेतली — "मोटार चालू होतीया. पाण्यातनं भाईर या." दोन वर्षं सगळ्या काठानं ती ऐकली. शेजारच्या मोटारीवाले ज्ञानूमामा म्हणायचे, "वैनी, घरात बसून बी आमच्यावर वरडताय."

गेल्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरचा पंखा अडकला. दत्तानं तो घरी आणून ओसरीवर उघडून ठेवला. भोंगा खांबावरच राहिला, त्याची वायर गुंडाळून खांबाला बांधलेली.

त्याच आठवड्यात माझे दात. समोरचे सहाच उरले होते आणि सहाही हलत होते. दौंडच्या डॉक्टरकडं एकदम काढायचं ठरलं, दत्तानं रजा टाकली. निघण्याआधी सकाळी मी नदीवर गेले. ऊस सुकत चालला होता. कॉम्प्युटर नाही तर मोटार सुरू कोण करणार, म्हणून मी खटका ऑटोवर टाकला, पूर्वी टाकायचे तसा. आणि सुनंदाला सांगायचं विसरले. चूक माझी. ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

सुनंदाच्या डोक्यात वेगळंच. कॉम्प्युटर घरी उघडा पडलाय, म्हणजे मोटार सुरू होऊच शकत नाही. दोन वर्षांत आम्हा सगळ्यांनाच ती सवय लागली होती — हाक नाही तर मोटार नाही. तेव्हा तेवढ्यात जाळी साफ करून घ्यावी म्हणून अकराच्या सुमारास ती एकटी पाण्यात उतरली. मेन स्विचही पाडला नाही.

पुढचं तिनं सांगितलेलं. दोन्ही हात जाळीत होते, लाईट नव्हती, आणि खांबावरून माझा आवाज आला, "सुनंदा, वर ये."

तिला वाटलं मी परत आले. तोंड न फिरवता म्हणाली, "आले आत्या, एवढं ऱ्हायलंय."

"सुनंदे, जाळी सोड. वर ये."

मी चिडले की सुनंदे म्हणते. ती फणकाऱ्यानं निघाली. गाळात चप्पल रुतली, ती तिथंच सोडली. काठावर येऊन साडीचा पदर पिळते तोच खोलीत स्टार्टर खटकन बसला आणि मोटार सुरू झाली.

मग पाण्यावर मासे यायला लागले. पोटं वर करून. आधी पाच-सहा, मग पुष्कळ... पाण्यातून गेलेल्या वायरच्या जोडाची चिकटपट्टी सुटून तार उघडी पडली होती, हे नंतर कळलं. जाळीपासून दोन हातांवर.

ज्ञानूमामा त्यांच्या मोटारीवर होते. ते धावत आले, मेन पाडला, आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "वैनी कुठं गेल्या? आत्ता तर वरडत हुत्या."

त्या वेळी मी दौंडला खुर्चीत आडवी होते, तोंडात कापूस. खोटं कशाला लिहू — मला काहीसुद्धा जाणवलं नाही. छातीत धडधडलं नाही, सून आठवली नाही. डॉक्टरचा हात जड आहे, एवढंच मनात होतं.

तीन वाजता घरी आलो. सुनंदा ओट्यावर चिखलाच्या पायांनीच बसलेली. मी कापूस थुंकला आणि विचारलं, "काय झालं गं सुनंदे?" दात गेल्यावर मी बोललेलं ते पहिलं. बोबडं, हवा सुटलेलं. माझं मलाच ओळखू येईना. ती ताडकन उठून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

तिनं सगळं सांगितल्यावर दत्ता नदीवर जाऊन भोंगा बघून आला. वायर बांधलेली तशीच. ओसरीवरच्या कॉम्प्युटरला बॅटरी नव्हती. ती जोडून त्यानं आतली हाक लावली. एकच होती. "मोटार चालू होतीया. पाण्यातनं भाईर या." तिच्यात सुनंदाचं नाव नव्हतं.

"ह्यो न्हवं," सुनंदा म्हणाली. "ह्या आवाजात दात हायत. मला हाक मारली तिच्यात न्हवते."

मी पुष्कळ विचार केला. कुणी नक्कल केली म्हणावं, तर सकाळपर्यंत दात माझ्या तोंडात होते. बिनदाताचा माझा आवाज गावात कुणी ऐकलेला नव्हता. मी स्वतःही नाही.

आता कॉम्प्युटर परत नदीवर आहे. ऑटोचा खटका दत्तानं मुळापासून काढून टाकला. त्याला मी अजून दहादा विचारते, ते कसं झालं असेल. तो फिटर माणूस, परत एकदा भोंग्याची वायर तपासून येतो.

डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांनी या, कवळी बसवू. वर्ष होत आलं. सुनंदा आठवण करते, मी भाकरी दुधात कुस्करून खाते आणि जात नाही. कवळी बसवली की आवाज बदलेल. तो आवाज कुठून आला ते मला माहीत नाही, पण तो जसा होता तसा मी ठेवलाय.