पुढचं शून्य कुणी खाल्लं?

समोरच्या फ्लॅटमध्ये ऑफिस आलं की किस्से शोधायला लागत नाहीत. धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पिशव्यांसारखे ते जमतच जातात, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर! आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच अनघाचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे अनघा, तिचा पार्टनर नीलेश, दोन टेबलं आणि माझा चहा.

कॉम्प्युटरवर सही केलेला कागद आला की ती सही खरी की खोटी, हे सांगणारं सॉफ्टवेअर ही दोघं बनवतात. मी दहावी पास. पण समोरचं दार उघडं असलं की माणूस बरंच शिकतो.

*

पहिल्याच दिवशी सत्यनारायण होता. नीलेशला टापटिपीचं भारी वेड. टेबलावर पेन तिरकं दिसलं तरी तो सरळ करणार. गुरुजींनी विड्याच्या पानावर गणपती म्हणून सुपारी मांडली आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून ते गॅलरीत गेले. परत येऊन बघतात तर पान रिकामं!

"गणपती कुठे गेले?"

सगळे चौरंगाखाली वाकून शोधतायत. नीलेश एकटा ताठ उभा. बोलत नाही, हलत नाही, एक गाल फुगलेला.

"नीलेश, तोंड उघड," अनघा म्हणाली.

"जाश्तीची वाटली मला," तो सुपारीसकट म्हणाला.

गुरुजींनी शांतपणे पिशवीतून दुसरी सुपारी काढली आणि म्हणाले, "यजमान, आता हात मागे बांधून बसा!"

*

अनघाचे वडील, नाना, नौपाड्यात राहतात. त्यांचा जन्म बँकेत गेला, चेकवरच्या सह्या जुळवण्यात. लेकीने ऐरोलीची पक्की नोकरी सोडली म्हणून ते महिनाभर तिच्याशी फोनवर फक्त हवामानावर बोलले. मग एक दिवस ऑफिस बघायला आले. अनघाने कौतुकाने स्क्रीन दाखवली. नुसती अक्षरं आणि आकडे, ओळीच्या ओळी.

"यात सही कुठाय?"

"हीच सही, नाना."

"हिला ना वळण, ना फाटा. ही सही नाही, हा विजेच्या मीटरचा नंबर आहे!"

अनघा हसली. म्हणाली, "कागदात काहीही बदला. अगदी एक टिंबसुद्धा."

नानांनी एक टिंब टाकलं. स्क्रीन लाल. टिंब काढून दोन शब्दांमध्ये जागा सोडली. लाल. मग आमच्याकडे पाठ करून, कुणाला दिसू नये असं शेवटच्या ओळीत काहीतरी केलं. तरी लाल! चहा थंड झाला, पण माणूस खुर्ची सोडेना. शेवटी उठले आणि म्हणाले, "आहे हुशार. पण आमचा क्लार्क चेक परत देताना निदान सॉरी तरी म्हणायचा."

*

मग ठाण्यातल्या एका लॅबचं काम मिळालं. लॅबने डॉक्टरांची सही करून रिपोर्ट पाठवायचे, यांनी तपासायचे. ट्रायल सुरू झाली आणि चारातला एखादा रिपोर्ट पास, बाकी सगळे लाल!

लॅबचे साहेब, साठे, फोनवर इतके ओरडले की मला माझ्या ओट्यापाशी ऐकू आलं. "रिपोर्ट आमचा, सही आमची आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं खोटी? शुक्रवारी मी येतो. सगळं हिरवं दिसलं पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरीकडे चाललो!"

दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. हे काम गेलं की समोरच्या दाराला कुलूप. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच बसले.

दुसऱ्या दिवशी अनघाला सापडलं. "काकू, एक सही म्हणजे दोन लांबलचक आकडे. आकड्याची सुरुवात मोठी असली की कॉम्प्युटर त्याला वजा समजतो. तसं होऊ नये म्हणून सगळ्यात पुढे, आकड्याच्या आधी, एक शून्य मांडायचं, असा नियम आहे. यांच्याकडून ते शून्य येतच नाहीये! दोन्ही आकडे लहान निघाले तरच सही पास होते."

"अगं, पण पुढच्या शून्याला किंमत ती काय?"

"सुपारीला काय होती?"

नीलेशने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आपणच धरून चालू ना शून्य. जरा ढिलं सोडू. शुक्रवार निघेल."

"नाही. एकाच सहीची दोन रूपं चालवली तर उद्या कुणीतरी तिसरं घेऊन येईल. तपासणाराच दुरुस्त करून घ्यायला लागला तर तपासायचं कशाला?"

नाना दारातच उभे होते. ऐरोलीवाले परत घेतील का ते विचार, असं सांगायला आले होते. मघाशी जिन्यात भेटले तेव्हाच मला बोलले होते ते. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन बसले.

"मी एका बड्या पार्टीचा चेक परत केला होता," ते म्हणाले. "मॅनेजर म्हणाला, सोड रे. मी नाही सोडला." मग अनघाकडे बघून म्हणाले, "तूही सोडू नकोस."

*

शुक्रवारी साठे आले. शीळफाट्याला तासभर अडकलेले, त्यात आमची लिफ्ट बंद. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, "आधी हिरवं दाखवा!"

"आधी तुमच्या प्रोग्रामरला फोन लावा," अनघा म्हणाली. "स्पीकरवर."

फोन लागला. अनघाने विचारलं, "सही पाठवण्याआधी तुम्ही तिच्यात काही बदल करता का?"

"छे छे मॅडम, काहीच नाही! आकड्यांच्या पुढची शून्यं तेवढी साफ करतो. उगाच जागा खातात."

नीलेश उठला, फोनपाशी गेला आणि म्हणाला,

"भावा, तूपण सुपारी खाल्लीस!"

"कसली सुपारी?" साठे.

कुणी सांगेना. मी तर तोंडावर पदर धरून गॅलरीत पळाले.

प्रोग्रामरने ती साफसफाई काढून टाकली आणि तेच रिपोर्ट नव्याने सही करून पाठवले. एक हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा, चौथा, पाचवा... सगळे हिरवे! साठे उभे होते ते बसले. पाणी मागून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, काढा अ‍ॅग्रीमेंट."

दोन पानं होती. साठेंनी खिशातलं पेन काढून दोन्हींवर झपकन सह्या ठोकल्या. अनघाने कागद घ्यायला हात पुढे केला, पण कोपऱ्यात बसलेल्या नानांनी ते आधी उचलले. चष्मा नाकावर ओढला. हे पान बघितलं, ते पान बघितलं.

"साठेसाहेब, पहिल्या पानावरच्या सहीला शेवटी फाटा आहे. दुसऱ्यावर नाही."

"अहो, तुमच्यासमोरच केली ना!"

"बघितलं मी. सॉरी. पुन्हा करा."

साठेंनी अनघाकडे बघितलं. अनघा पंख्याकडे बघत होती.

साठेंनी पुन्हा केली. फाट्यासकट!