गुरुवारी चारचा कोड

“घरचा नंबर नको सर. ह्यांचाच घाला,” रंजनाने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात तिने नवऱ्याचा नंबर लिहिला होता. नवरा, मोहन, भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोडाऊनमधून माल घेऊन आसामपर्यंत जाणारा ट्रक ड्रायव्हर. महिन्यातून चार दिवस घरी, बाकी रस्त्यावर. मी कपाळाला हात लावला.

मी तेव्हा भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका अभ्यासकेंद्रात कम्प्युटर इन्चार्ज होतो. नोकरी सांभाळून, घरी बसून पदवी घेणाऱ्यांचं हे केंद्र. दोन हजार आठ-नऊचा सुमार. विद्यापीठाने परीक्षा फॉर्म ऑनलाइन केले आणि पहिल्याच वर्षी घोळ झाला. सगळ्यांनी पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवली होती. कोणीतरी ती ओळखून दुसऱ्यांच्या खात्यात शिरलं आणि परीक्षा केंद्रं बदलून मोकळं झालं. भिवंडीची पोरं हॉल तिकीट घेऊन भलत्याच जिल्ह्यात पोचली.

म्हणून दुसरं कुलूप आलं. पासवर्ड टाकायचा, मग नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडी कोड येणार, तो पंधरा मिनिटांत टाकायचा. दोन्ही जमलं तरच खातं उघडणार. आज बँकेचा कोड सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा मला तो शंभर वेळा समजावून सांगावा लागे, आणि माझा स्वभाव काही फार गोड नव्हता.

“अहो, मोबाईल तुमच्याजवळ हवा,” मी रंजनाला म्हटलं. “कोड ज्याच्या हातात, खातं त्याच्या हातात.”

“मग बरंच हाय की,” ती म्हणाली.

“आणि तो येणार कसा तुमच्यापर्यंत?”

“ते हितल्या फोनवर सांगतील. कामाचाच फोन हाय ना?”

तिने माझ्या टेबलावरच्या लँडलाइनकडे पाहिलं. त्याच्यावर मीच सुवाच्य अक्षरात पाटी लावली होती : ‘वैयक्तिक फोन दिले जाणार नाहीत.’ ह्या पाटीचा मला अभिमान होता. माझी स्वतःची बायको चिपळूणला शाळेत नोकरीला. तिचा फोन आला तरी मी “कामात आहे” म्हणून ठेवून द्यायचो. पण कोड म्हणजे कामच. मी नंबर नोंदवला.

त्यानंतर रंजना दर गुरुवारी यायची. वडप्याच्या अंगणवाडीत ती सेविका होती. दुपारी अंगणवाडी सुटली की शेअर रिक्षाने नाक्यावर उतरायची आणि चारला कम्प्युटरपुढे बसायची. पासवर्ड टाकायची. दहा मिनिटांत लँडलाइन वाजायचा. कधी एसटीडी बूथवाला आधी बोलायचा, “हां भाईसाब, होल्ड करो, ड्रायवर बात करेगा.” मी रिसीव्हर तिच्याकडे द्यायचो. ती आकडे कागदावर उतरवून घ्यायची, मग पुढे बोलत राहायची. केंद्र पहिल्या मजल्यावर, खाली लूमचा कारखाना. त्या खडखडाटात ती काय बोलते ते मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. तिचा चेहरा तेवढा दिसायचा. मी दुसरीकडे बघायचो.

हे पाच-सहा महिने चाललं. मग फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी विभागीय कार्यालयातून गोखले साहेबांचा फोन आला.

“तुमच्या केंद्रावर एका खात्यात दर आठवड्याला लॉगिन होतंय. विद्यार्थी वर्षातून चार वेळा लॉगिन करतात. ही बाई करते काय?”

मी नोंदी उघडल्या. दर गुरुवारी खातं उघडलं होतं आणि थोड्या वेळाने बंद केलं होतं. मधे काही नाही. ना निकाल पाहिला, ना पत्ता बदलला.

“काहीच करत नाही साहेब.”

“म्हणजे संशयास्पदच. आम्ही खातं ब्लॉक केलंय. खरं असेल तर नोंदवलेल्या नंबरवरचा कोड टाकून उघडा. नाहीतर नंबर बदलण्याचा अर्ज, ओळखपत्र, सही. पाचच्या आत. पाचला लिंक बंद.”

नेमका तो गुरुवार होता. रंजना चारला आली, ह्या वेळी सासूचा मोबाईल सोबत घेऊन. फॉर्मचा दिवस म्हणून मागून आणला होता. मी तिला ब्लॉकचं सांगितलं. तिच्या नोंदणीची मुदत त्या वर्षी संपत होती. आजचा फॉर्म चुकला की सगळं पहिल्या वर्षापासून. पदवी झाली तर तिला पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येणार होतं. तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन तिने दोन वर्षं काढली होती.

तिने पासवर्ड टाकला. कोड सुटला. लँडलाइन वाजला नाही.

सव्वाचारला कोड बाद झाला. सासूच्या मोबाईलवरून तिने नवऱ्याला लावून पाहिलं. पलीकडची बाई इंग्रजीत काहीतरी सांगत राहिली.

“घाटात असतील. तिकडं रेंज न्हाय,” ती म्हणाली.

मी नंबर बदलण्याचा अर्ज पुढे ठेवला. “सही करा. घरचा नंबर टाकू.”

ती अर्जाकडे बघत बसली. पेन हातात, पण सही होईना. मी चिडलो.

“अहो रंजनाताई, वर्ष जाईल तुमचं! आणि दर आठवड्याला उघडून करता काय ते एकदा सांगा. मला साहेबांना उत्तर द्यायचंय.”

ती मान खाली घालूनच बोलली. “घरी त्यांचा फोन येतो रविवारी. आधी सासूबाई बोलतात, मग सासरे, मग दीर, मग पोरगा. माझ्यापातुर येतो तवर बूथवाला घाई करतो. सगळी समोर बसलेली. ‘बरी हाय ना?’ ‘हाय.’ संपला फोन. मीच केला तर रोमिंगवर त्यांचा बॅलन्स जातो. हितं कोण नसतं सर. कोड सांगून झाला की ते इचारतात, आज काय शिकलीस?”

“मग नुसता फोन करायचा ना त्यांनी इथे!”

तिने पाटीकडे पाहिलं. “तुम्ही दिला असता?”

खोटं बोलणं शक्य नव्हतं, पाटी माझ्याच अक्षरात होती.

दर थोड्या वेळाने ती लँडलाइनकडे बघत होती. पावणेपाचला तिने सही केली. मी अर्ज फॅक्स केला, साहेबांना फोन करून घाई करायला लावली. सासूच्या मोबाईलवर कोड आला. पाचला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. ती “थँक्यू सर” म्हणाली, पण आवाजात आनंद नव्हता.

एक गोष्ट मी विसरलो होतो. नंबर बदलला की सिस्टीम जुन्या नंबरला आपोआप मेसेज पाठवते : तुमचा क्रमांक ह्या खात्यावरून काढला आहे. चोराने बदलला असेल तर मालकाला कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लूमला सुट्टी. सगळं चिडीचूप. अकराला फोन वाजला.

“सर, मी मोहन. रंजनाचा मालक.” तो दम न घेता बोलत सुटला. “ढाब्यावर एकानं मेसेज वाचून दाखवला. माझा नंबर काढला म्हनून. तिनं काढला का? काय झालं? बरी हाय ना ती?”

“बरी आहे. फॉर्मची शेवटची तारीख होती, तुमचा फोन लागत नव्हता. नियमाप्रमाणे मीच बदलायला लावला.”

“पन तिनं सही केली?”

“केली. अर्धा तास लावला सही करायला.”

मागून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

“अर्धा तास?” त्याने विचारलं.

“अर्धा तास. मी ओरडत होतो तरी.”

तो हसला बहुतेक. मला त्या माणसाचा हेवा वाटला. माझ्यासाठी कोणी अर्धा तास पेन धरून बसलं असतं का, असं मनात आलं, आणि तशी मी कधी सोय ठेवली नव्हती हेही आलं.

नोंदणीच्या फॉर्मवर तळाशी ‘पर्यायी क्रमांक’ असा एक रकाना असतो. सगळे तो रिकामा सोडतात. त्या नंबरला कोड जात नाही. खातं उघडलं की फक्त कळवलं जातं. पुढच्या गुरुवारी मी तो रकाना रंजनापुढे ठेवला. ह्या वेळी सहीला एक सेकंद लागला नाही. ती अभ्यासक्रमाची पानं वाचते, असं मी गोखले साहेबांना कळवलं. तेव्हापासून तिने ती खरंच वाचायला घेतली, त्यामुळे मी खोटारडा ठरलो नाही. कोड दर गुरुवारी मागून आणलेल्या सासूच्या मोबाईलवर यायचा, मेसेज मोहनला जायचा आणि दहा मिनिटांत लँडलाइन वाजायचा. पाटी मी काढली नाही. फोन वाजला की फाईल शोधायला आतल्या खोलीत जायचो.

रंजना पास झाली. नियमानुसार तिचं खातं बंद झालं आणि तिचं येणंही थांबलं. दोनेक महिन्यांनी एका गुरुवारी चारला फोन वाजला.

“सर, मोहन.”

“अहो, रंजना आता येत नाही इथे. पास झाली ना!”

“म्हाईत हाय सर. चार वाजले, बूथ दिसला. गाडी आपोआप बाजूला घेतली. ठेवतो.”

त्या दिवशी मी माझा स्वतःचा फॉर्म काढला. कर्मचाऱ्यांच्या खात्यालाही तेच कुलूप होतं. पर्यायी क्रमांकाच्या रकान्यात बायकोचा नंबर भरला. दुसऱ्याच दिवशी चिपळूणहून फोन आला.

“हा कसला मेसेज आलाय? काही बिघडलंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “कामावर आलोय, एवढंच कळवायचं होतं. तू बोल.”

ती बोलायला लागली. मी ठेवला नाही.

निवृत्त होईपर्यंत मी शेकडो खात्यांना दुसरं कुलूप लावून दिलं. कोड कोणाला सांगू नका, हे सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगायचो : पर्यायी क्रमांकाचा रकाना रिकामा सोडू नका.