फळ्याची डावी बाजू

“आता चुकीचं कसं करत्यात ते बघा,” असं म्हणून गुरुजींनी माझ्याकडं खडू फेकला.

तो माझ्या मांडीवर पडला. मी उठले. पोरं आधीच हसायला लागली होती. फळ्याच्या मधोमध गुरुजींनी उभी रेघ मारलेली. उजवी बाजू मॉनिटरची. तो बागायतदाराचा मुलगा. डावी बाजू माझी. गणित दोघांना एकच, चौतीस गुणिले बारा.

मी दोननं गुणलं. अडुसष्ट. मग एकनं गुणलं. चौतीस. अडुसष्टच्या बरोबर खाली चौतीस मांडले, बेरीज केली, एकशे दोन. पलीकडं त्याचं उत्तर आलं चारशे आठ.

“टाळ्या,” गुरुजी म्हणाले. टाळ्या त्याला. मग माझ्या आकड्यांवर छडी आपटली. “ह्ये कोपीवाल्यांचं गणित. आसं केलं की जलमभर ऊसच तोडायचा.”

वर्ग खदखदून हसला. कुठं चुकलं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मी चौथीत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आईबाप बीडकडून ऊस तोडायला आंबेगाव तालुक्यात यायचे, पारगावच्या बाजूला. राहायला उसाच्या वाळक्या पाचटाची कोपी, वाकून आत शिरायची. दिवाळी झाली की गाव सोडायचं, उन्हाळा लागला की परत. गावाकडच्या शाळेत दोन अंकी गुणाकार दिवाळीनंतर शिकवायचे. तेव्हा मी इकडं. इकडच्या शाळेत तो दिवाळीआधीच उरकलेला. तेव्हा मी तिकडं. सलग दोन वर्षं असंच झालं. माझा गुणाकार दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर राहून गेला, मी ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांवर बसलेली असताना. हे तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, मीच ढ.

हजेरीत माझं नाव सगळ्यांच्या शेवटी, तेही पेन्सिलीनं. ही जाणार, हे धरूनच चाललेलं. कोप्यांवरची बाकीची पोरं धाकटी भावंडं सांभाळायची, शाळेत येणारी मी एकटीच. मधल्या सुट्टीत हापशाजवळ बसायची आणि मोठ्यानं पाढे म्हणायची. अभ्यासासाठी नाही. कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून. आठवड्यातून दोनतीनदा मात्र वर्गाला माझी आठवण यायची. डाव्या बाजूसाठी. गणित दर वेळी तेच.

एका रविवारी मी फडात धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसले होते. बाप ऊस तोडत होता, आई मोळ्या बांधत होती. आईला अक्षरओळख नव्हती. मोळ्या मोजताना दहा झाल्या की ती बांधावर उसाचं एक कांडं ठेवायची. त्या दिवशी बांधावर तीन कांडी होती आणि आईपुढं चार मोळ्या.

“आये, किती झाल्या?”

“चौतीस. तीन कांडी दिसना व्हय तुला?”

चौतीस! फळ्यावर माझी अब्रू घेणारा आकडा. मी काडीनं मातीत बारा लिहिले आणि त्यातल्या एक या आकड्याकडं बघत बसले. किती वेळ, ठाऊक नाही. हा एक म्हणजे एक नव्हताच. हे आईचं कांडं होतं. दहाचं. मग त्यानं चौतीसला गुणलं तर चौतीस कसे येतील? तीनशे चाळीस येतील. त्यात अडुसष्ट मिळवले. चारशे आठ.

“आये, सापडलं!”

“काय हरवलं व्हतं?”

काय सांगणार होते मी तिला? ती पुन्हा मोळीवर वाकली. छातीत मावेना एवढा आनंद, आणि सांगायला मांडीवर झोपलेला एक भाऊ. त्यालाच सांगितलं.

सोमवारी खडू आला. मी उठले, जवळजवळ पळतच. पहिली ओळ अडुसष्ट. दुसऱ्या ओळीत आधी शून्य मांडलं, मग त्याच्या डावीकडं चौतीस. बेरीज केली. दोन्ही बाजूंना चारशे आठ.

“कुणाचं बघून लिवलं?”

“कुणाचं न्हाई.”

“पूस ते. तुझं रोजचं लिव.”

“रोजचं चुकीचं व्हतं, गुरुजी.”

“मंग? तेच पायजे मला. पोरांना दाखवू काय?”

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. म्हणजे माझी चूक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही, कारण माझी चूक त्यांच्या कामाची होती. मी ढ नव्हते. मला ढ ठेवलं होतं. त्याचा राग अजून गेला नाही.

“न्हाई पुसणार,” मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला नाही म्हणाले. दोन छड्या बसल्या. फळा त्यांनी स्वतः पुसला, फक्त डावी बाजू. मला शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. वाटलं, कुणीतरी एकदा खिडकीतून बघेल. मॉनिटरनं बघितलं. माझी नजर भेटली तशी त्यानं मान फिरवली.

पुढं गावाकडं मावशीजवळ राहून बारावी केली. आता दोन हजारनंतरच्या या वर्षांत त्याच बाजूला, कोप्यांशेजारच्या पत्र्याच्या साखरशाळेत, ऊसतोड्यांच्या पोरांना शिकवते. पोर कधीही येवो, पुस्तकाचं पान कुठलंही असो, पहिल्या आठवड्यात कांडी मांडून दोन अंकी गुणाकार. हजेरीत नाव पेननं. शेजारच्या शाळेतल्या बाई मला शिक्षक धरत नाहीत, आणि कोप्यांवरच्या बाया आता मला त्यांच्यातली धरत नाहीत. डबा एकटीच खाते. सवय आहे.

मागच्या हंगामात तपासणीला साहेब आले. पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, “बाई, एखादं कच्चं पोर उभं करा. बघू कसं चुकतंय.”

दोनच दिवसांपूर्वी आलेली एक पोर पुढं बसली होती. तिनं मान खाली घातली. ती मान मला ओळखीची होती.

मी खडू उचलला. “चुका बघायला पोर मिळणार नाही, साहेब. मला उभं करा.”

“राग कशाला? तपासणीची रीतच आहे ती.”

“असू द्या.”

मी फळ्यापाशी गेले आणि चौतीस गुणिले बारा मांडलं. शून्य जरा मोठंच काढलं. साहेबांनी फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेऱ्याच्या वहीत लिहिलं, ‘शिक्षिका उद्धट आहेत,’ आणि वही सहीसाठी पुढं सरकवली.

मी सही केली. खरंच आहे ते. पुढच्या साहेबांनाही पोर मिळणार नाही.